मोरोनी, जोव्हान्नी बात्तीस्ता

(सु. १५२०/२४–सु. १५७९). सोळाव्या शतकातील श्रेष्ठ इटालियन व्यक्तिचित्रकार. जन्म उत्तर इटलीतील बेर्गामोजवळच्या आल्बीनो या गावी. ब्रेशा येथील मोरेत्तो या चित्रकाराच्या चित्रशाळेत त्याचे शिक्षण झाले. रुपेरी करडा प्रकाश, संयत रंगयोजना आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या वस्तूविषयीची आस्था हा लोंबार्डीचा वारसा त्याला गुरूकडून लाभला. धर्मपरिषदेमुळे गजबजलेल्या त्रेंतो येथे त्याने काही काळ काम केले व मादरुत्सो घराण्यातील व्यक्तींची पूर्णाकृती चित्रे रंगविली. त्यानंतरची त्याची कारकीर्द मुख्यत्वे बेर्गामो व आल्बीनो येथेच घडली.

बेर्गामोवर त्या काळी व्हेनिसची सत्ता होती. तेथे जाणाऱ्या अधिकाऱ्यांना तिशियन मोरोनीकडूनच आपले चित्र काढवून घेण्यास सांगे, अशी आख्यायिका रिदोल्फीने १६४८ मध्ये नमूद केली आहे. ही स्तुती दुधारी आहे : मोरोनी हुबेहूब चित्र काढतो, एवढेच तीत मान्य केलेले आहे. पुढे बेरेन्सनसारख्या समीक्षकाने त्याला निव्वळ व्यक्तिचित्रकार ठरवून कल्पकतेच्या अभावाचा ठपका ठेवला. हा आक्षेप त्याच्या वेदीचित्रांना लागू पडतो. त्यांतील आकृती मोरेत्तोकडून उसन्या घेतलेल्या व निर्जीव वाटतात. वॉशिंग्टन येथील एका चित्रात मेरीसमोर प्रार्थना करणारा गृहस्थ जिवंत आहे, तर मेरी व बालयेशू मात्र ठोकळेबाज आहेत. समोर बसलेल्या माणसाखेरीज मोरोनीची प्रतिभा क्वचितच जागी होई, हे खरे. पण माणूस समोर असताना तो केवळ नक्कल करीत होता, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील शिंपी (सु. १५६५–७०) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. फिकट रंगाचा अंगरखा व लाल विजार घातलेला तरुण हातात कात्री घेऊन मेजाशी उभा आहे. पुढ्यात खडूने आखलेले काळे कापड. कापड बेतण्यापूर्वी त्याने क्षणभर मान वर करून पाहिले आहे. या नजरेत ना आर्जव आहे, ना दिमाख. हाताने काम करणाऱ्या माणसाला सरदाराच्या तोलाची प्रतिष्ठा देणारे असे स्वतंत्र चित्र त्या काळच्या इटलीत विरळाच. त्याची अंगठी व कमरेचा पट्टा पाहून तो खरोखर शिंपी होता की सधन कापडव्यापारी, असा वाद अभ्यासकांत आहे; चित्राच्या परिणामाला त्याने बाध येत नाही.

उमरावांची चित्रेही याच निःपक्षपाती दृष्टीने काढलेली आहेत. गुलाबी पोशाखातील सरदार (१५६०) या चित्रात जान जेरोलामो ग्रुमेल्लीच्या झगमगत्या वस्त्रांमागे भग्न शिल्प व वेलींनी वेढलेली भिंत दिसते. लुक्रेत्सिया आल्यार्दी व्हेर्तोव्हा या मठाध्यक्षेच्या चित्रात (१५५७) वृद्धेच्या गळ्यावरील गलगंडही झाकलेला नाही, आणि तरीही तिच्या चेहऱ्यावरील करारीपणाच प्रथम जाणवतो. पार्श्वभूमी बहुधा करड्या भिंतीची असते. कृष्णवर्णी स्पॅनिश धाटणीच्या पोशाखातील काळ्याच्या विविध छटा तो विलक्षण बारकाईने दाखवितो. तिशियनचा गुरुजी (सु. १५७५) म्हणून ओळखले जाणारे चित्र दीर्घकाळ तिशियनचेच मानले जात होते, पुस्तकात बोट घालून वाचन थांबविलेल्या त्या गृहस्थाचे मूळ नाव मात्र विस्मृतीत गेले.

काराव्हाद्जोच्या वास्तववादाची मुळे लोंबार्डीतील या परंपरेत आहेत, असे रोबेर्तो लोंगीने १९२९ मध्ये दाखवून दिल्यावर मोरोनीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. मिलान येथील १९५३ च्या प्रदर्शनाने तिला बळ दिले. लंडन (२०१४–१५) व न्यूयॉर्क (२०१९) येथे त्याची स्वतंत्र प्रदर्शनेही भरली. अखेरच्या काळात त्याने गोर्लागो येथील चर्चसाठी अंतिम न्यायनिवाडा हे भव्य धर्मचित्र हाती घेतले होते. त्याच्या मृत्यूमुळे ते अपुरे राहिले.