सेवा म्हटली की प्रश्न संपतात का?

आजचा विषय म्हणजे अवघड जागेचं दुखणं आहे. हॉस्पिस म्हणजे आजार बरा होणार नाही हे मान्य करून रुग्णाचा त्रास कमी करणारी जागा. तिथे चांगली माणसं काम करतात. त्यांच्यावर टीका करायला जीभ रेटत नाही, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

माझे वडील शेवटचे अकरा दिवस अशाच एका संस्थेत होते. चादरी रोज बदलल्या जात, सिस्टर मायेने बोलत. एका रात्री एक वाजता त्यांना कळा सुरू झाल्या. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे, आणि डॉक्टर घरी. दुखणं उसळलं तर जादा डोस द्यावा, असं केसपेपरवर लिहिलेलंच नव्हतं. सिस्टर सकाळी सहापर्यंत त्यांचा हात धरून बसली. तेराव्यानंतर आम्ही काय केलं? देणगीचा चेक दिला, हात जोडले आणि परत आलो. तक्रार नाही केली.

बघा, इथे तक्रार करणारा उरत नाही. रुग्ण जातो, नातेवाईक थकलेले आणि उपकाराखाली दबलेले असतात. हॉटेलात भाजी खारट झाली तर आपण वेटरला बोलावतो. इथे मात्र ‘सेवा’ हा शब्द आला की दर्जाचा प्रश्नच उद्धटपणा ठरतो.

देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईत, वांद्र्याला, 1986 साली सुरू झालं: शांती अवेदना. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच कमी केलं. शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिच्यापासून बनणारं औषध इथल्या कर्करोगाच्या रुग्णाला मिळत नाही! 2014 मध्ये कायदा बदलला, परवान्यांची साखळी आखूड झाली. पण कायदा बदलला म्हणून कपाटाची किल्ली आपोआप हलत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी, आणि त्यांना इमारत लागत नाही. एक, ताप लिहितात तसं दुखणंही शून्य ते दहा आकड्यांत, दर पाळीला लिहा. दोन, जादा डोसचा लेखी आदेश दिवसाच तयार ठेवा, आणि रात्री औषध कोण काढून देणार तेही ठरवा. तोंडाने घेण्याच्या साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो; वेदना काही ओपीडीची वेळ पाळत नाही. तीन, मृत्यूनंतर महिन्या-दोन महिन्यांनी घरच्यांना बाहेरच्या माणसाने फोन करावा आणि विचारावं, रात्री काय व्हायचं?

काहीजण म्हणतील, देणग्यांवर चालणाऱ्या संस्था, नियम लादले तर बंद पडतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच भार एकट्या संस्थेवर नको. केरळने 2008 मध्ये या शुश्रूषेचं राज्य धोरण केलं. तिथे पंचायती आणि स्वयंसेवक यात उतरले, नर्स घरी जाऊ लागल्या. ते धर्मादाय काम राहिलं नाही, सार्वजनिक जबाबदारी झालं. जबाबदारी म्हटली की हिशेब मागता येतो.

त्या सिस्टरबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. पण तिच्या हातात वडिलांचा हात होता, औषध नव्हतं. माया तिची होती. औषध देण्याची सोय करणं व्यवस्थेचं काम होतं.