आठवणीतले निरीक्षण : ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ एक परीक्षण

मानसशास्त्रातील ‘सहभागी निरीक्षण’ या पद्धतीची व्याख्या तुम्हांला पाठ असते. तिचे बळ आणि मर्यादा एकत्र पाहायच्या असतील, तर एम. एन. श्रीनिवास यांचे ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६) वाचा. पुस्तक सामाजिक मानवशास्त्राचे असले, तरी पद्धत हीच आहे.

१९४८ साली श्रीनिवास म्हैसूरजवळच्या एका गावात जाऊन राहिले. पुस्तकात त्या गावाचे टोपणनाव ‘रामपुरा’ आहे. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे समाजकंटकांनी लावलेल्या आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी हे पुस्तक मुख्यतः स्मृतीच्या आधारे लिहिले. १९७२ नंतर ते आमच्या बेंगळुरूत स्थायिक झाले.

पुस्तकाचे बळ कशात आहे? माणसे प्रश्नावलीला देतात ती उत्तरे इथे नाहीत. त्यांचे भांडणतंटे, मानपान, शेतीची कामे आहेत. शिवाय निरीक्षक कुठे उभा होता, हेही कळते. श्रीनिवास ब्राह्मण होते आणि पाटलाच्या आश्रयाने राहत होते. त्यामुळे दलित वस्ती आणि स्त्रियांचे जग त्यांना दुरूनच दिसले. हे ते स्वतः मान्य करतात.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. स्मृती म्हणजे साठवण नसून पुनर्रचना असते, हे बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले होते. ठसठशीत माणसे लक्षात राहतात, रोजचे साधे व्यवहार निसटतात. म्हणून एखादी गोष्ट गावात ‘नेहमी’ घडे असे वाचाल, तेव्हा ‘किती वेळा?’ असे विचारा. ते पडताळायला आठवणीपाशी आकडे नसतात. माझ्या मते हे पुस्तक गृहीतके सुचवण्यासाठी उत्तम आहे, ती सिद्ध करण्यासाठी नाही.

पण लेखकाने हे लपवलेले नाही. शीर्षकातच सांगितले आहे. आपण मात्र काय करतो? कॅन्टीनमधील निरीक्षणाचे तक्ते मी तपासतो, तेव्हा कित्येक तक्ते सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकही खाडाखोड न करता भरलेले दिसतात. श्रीनिवासांची टिपणे जळाली होती. आपण ती लिहिलेलीच नसतात.

तेव्हा पुढच्या प्रकल्पात तीन गोष्टी करा. नोंद जागेवरच किंवा त्याच दिवशी करा. दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी करून त्या ताडून पाहा. आणि जे आठवणीतून लिहिले असेल, त्यापुढे तसे स्पष्ट लिहा. त्याने तुमचे गुण कमी होणार नाहीत. अहवालावरचा विश्वास वाढेल.