नशेला देह देताना

घारापुरीच्या मुख्य लेण्यात सदाशिवासमोर उभे राहिले की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतेच, ‘भोळा शंकर! भांगेच्या तारेत आहे.’ उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मी अनेकदा गेलो, हे वाक्य एकदाही चुकले नाही. पुरावा म्हणून मधल्या मुखाच्या मिटल्या पापण्यांकडे बोट दाखवतात. मला तो पटत नाही.

नशेला आपल्याकडे देह फार पूर्वी मिळाला. महाभारताच्या वनपर्वात अश्विनीकुमारांच्या सोमपानावरून च्यवन ऋषी इंद्राविरुद्ध ‘मद’ नावाचा असुर उभा करतात. त्याचा एक जबडा जमिनीवर, दुसरा आकाशाला. इंद्र नमल्यावर मदाची वाटणी होते: मद्य, स्त्रिया, द्यूत आणि मृगया. (स्त्रियांना त्या यादीत बसवणारे ऋषी, मी नव्हे.) पण असा अक्राळविक्राळ मद कवीलाच शोभतो. प्यालेला माणूस जग गिळत नाही, तो आधी गुडघ्यावर येतो.

मथुरेच्या शिल्पकाराने हे पाहिले होते. महोली येथे सापडलेले कुषाणकालीन शिल्प आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तोल गेलेली स्त्री खाली बसते आहे, पुरुष तिला सावरतो आहे, शेजारी प्याला घेतलेली मुलगी. प्याला काढून टाकला तरी अर्थ उरतो, कारण नशा तिच्या चेहऱ्यापेक्षा सावरणाऱ्याच्या हातावर आलेल्या भारात आहे. फ्रेंच कवी-चित्रकार आंरी मिशो याने 1950च्या दशकात मेस्कलिन घेऊन जी रेखाटने केली, त्यांत आतली थरथर विलक्षण उतरली आहे. पण तिथे सावरणारे कुणी नाही.

माझे वडील संध्याकाळी माडी पिऊन येत. वाडीच्या बेड्यापासून ओटीपर्यंत त्यांना आणण्याचे काम माझ्याकडे, वय नऊ. माणूस दुप्पट जड होतो. आधी मान सुटते, मग मूठ. बाजाराची पिशवी वाटेतच पडते. मूर्तिशास्त्र मी पुढे जुनी पुस्तके जमवून शिकलो, त्यांत हे कुठे सापडले नाही. पण लेण्यात गेलो की माझी नजर आधी मान आणि मूठ शोधते.

सहाव्या शतकातल्या, सुमारे साडेपाच मीटर उंच सदाशिवाची मान ताठ आहे. आपल्या डावीकडच्या अघोरमुखाला मिशी, जटेत कवटी आणि हातात नाग. नागावरची पकड सैल नाही. उजवीकडच्या सौम्य मुखाजवळचे कमळ नाजूक बोटांत आहे, पण धरलेले आहे. मधल्या मूर्तीचा एक हात भंगला आहे, तेव्हा माझा दावा उरलेल्या हातांपुरता. त्याच लेण्यातल्या अंधकासुरवधात पात्रही आहे, मात्र ते अंधकाचे रक्त झेलायला, आणि तिथले डोळे वटारलेले. शंकराला भांग वाहणाऱ्यांशी माझे भांडण नाही. तो लोकाचार जुना आहे. दगडात मात्र ती उतरलेली नाही.

गेल्या खेपेला एका गृहस्थांनी तेच वाक्य आपल्या मुलाला ऐकवले. मी त्या मुलाला म्हटले, ‘यांना कुणी धरलंय का, बघ.’ तो बराच वेळ मूर्तीच्या दोन्ही बाजूंना बघत राहिला.