विटांच्या घराचें दार

गेल्या दिवाळींत फराळ आटोपल्यावर आमच्या घरीं जमलेल्या मंडळींनीं एक जुना व्यंगचित्रपट पाहिला. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेनें मे १९३३ मध्यें प्रसिद्ध केलेला 'तीन छोटीं डुकरें' हा तो चित्रपट. त्याची लांबी अवघी आठनऊ मिनिटें. परंतु त्यावर जो वाद माजला तो रात्रीं पानें मांडण्याची वेळ झाली तरी मिटला नव्हता. मुलांकरितां म्हणून समजल्या जाणाऱ्या एवढ्याशा कृतीविषयीं प्रौढ माणसांत इतका मतभेद व्हावा याचें आम्हांस प्रथम हंसूं आलें. मागाहून विचार करितां असें दिसलें कीं, या मतभेदाचें मूळ चित्रपटाच्या रचनेंतच आहे. म्हणून त्याचा थोडा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कथानक बहुतेक वाचकांच्या परिचयाचें असेल. तीन भाऊ निरनिराळीं घरें बांधतात. पांवा वाजविणारा गवताचें घर उभारतो, व्हायोलिन वाजविणारा काटक्यांचें. तिसरा मात्र कामकऱ्याचा पोशाख चढवून विटांवर विटा रचीत असतो. पहिले दोघे आपलें काम झटपट उरकून नाचतगात येतात आणि त्याच्या कष्टांची थट्टा करितात. पुढें लांडगा येतो, गवत फुंकून उडवितो, काटक्याहि उडवितो, आणि ते दोघे जीव घेऊन तिसऱ्याच्या घरीं धांवतात. विटा कांहीं केल्या हालत नाहींत. फुंकतां फुंकतां लांडग्याची विजार मात्र गळून पडते. शेवटीं तो धुराड्यांतून उतरूं पाहतो आणि टर्पेंटाइन घातलेल्या उकळत्या पाण्यांत पडून बोंबलत पळतो.

आमच्या आप्तांपैकीं एक गृहस्थ बँकेंत मोठ्या हुद्द्यावर आहेत. उद्योग व काटकसर यांचा उपदेश यापलीकडे या चित्रपटांत कांहीं नाहीं, असें त्यांचें मत. तें सर्वस्वीं निराधार नाहीं. १९४१ मध्यें कॅनडाच्या सरकारी चित्रपटमंडळासाठीं डिस्ने यांनीं हींच चित्रें पुन्हां उपयोगांत आणिलीं. त्यांत लांडग्यास नाझी वेष चढविला होता आणि घराच्या विटा युद्धबचतीच्या पत्रांच्या होत्या. परंतु ज्यास केवळ उपदेश करावयाचा आहे तो आळशांना इतकें गोड कां करील? फ्रँक चर्चिल यांनीं चाल दिलेलें या चित्रपटांतील सुप्रसिद्ध पद, लांडग्यास कोण भितो असें विचारणारें, मुळांत त्या दोघां उनाडांचेंच आहे. १९३३ सालीं अमेरिकेंत मंदीचा कहर होता; काम करणाऱ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा बेकार होता. इंग्रजींत दाराशीं लांडगा येणें म्हणजे घरावर उपासमारीची पाळी येणें. त्या दिवसांत लोकांनीं हें पद उचलून धरिलें. ज्यांचीं घरें खरोखरच गेलीं होतीं त्यांना, तुमच्या भिंती गवताच्या होत्या, हें सांगण्यांत काय अर्थ होता? कित्येकांनीं जन्मभर विटाच रचल्या होत्या. त्यांस शहाण्या भावाच्या बोधापेक्षां वेड्या भावांचें गाणें अधिक जवळचें वाटलें, यांत नवल नाहीं.

कलेच्या दृष्टीनें या कृतीची योग्यता तिच्या काळींच मान्य झाली. लघु व्यंगचित्रपटांसाठीं असलेलें अकादमीचें पारितोषिक तिला १९३४ मध्यें मिळालें, आणि २००७ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचींत तिचा समावेश झाला. तिचें मर्म स्वभावचित्रणांत आहे. तिन्ही भाऊ एकाच सांच्यांतून काढल्यासारखे दिसतात. भेद आहे तो चालण्याबोलण्याचा. फ्रेड मूर यांच्या रेखाटनांत एकाची उडी आणि दुसऱ्याचें ठाम पाऊल पाहतांच कोण कोणता तें कळतें. विनोदहि वाटतो तितका निरुपद्रवी नाहीं. शहाण्याच्या भिंतीवर वडिलांची म्हणून जी तसबीर आहे तींत सॉसेजांची, म्हणजे मांसाच्या कांड्यांची, माळ आहे! प्रेक्षक हंसतो, पण या भावांच्या कुळांत मरण कसें येतें तेंहि त्याला कळून चुकतें.

आमच्या वादाला खरें वळण मात्र दिलें तें आमच्या वडील भगिनींच्या सहा वर्षांच्या नातीनें. तिनें विचारिलें, "यानें इतक्या लवकर दार कसें उघडलें? चिऊताईनें तर केवढा वेळ लावला होता!" आम्ही सगळे क्षणभर गप्प झालों. काऊचें शेणाचें घर पावसांत वाहून जातें आणि तो चिऊच्या मेणाच्या घरापाशीं भिजत उभा राहतो, ही गोष्ट ऐकल्यावांचून आमच्यापैकीं कोण वाढला आहे? चिऊ बाळाला न्हाऊं घालण्यापासून काजळ घालण्यापर्यंत एकेक निमित्त सांगत राहते आणि काऊ भिजत राहतो. इंग्रजी लोककथा याहूनहि कठोर आहे. जोसेफ जेकब्ज यांच्या १८९० च्या संग्रहांत लांडगा पहिल्या दोघांना खाऊनच टाकतो. तिसरा पुढें त्या लांडग्यास शिजवून खातो. तेथें दार उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं, कारण ठोठावणारा कोणी उरत नाहीं. डिस्ने यांच्या मंडळींनीं त्या दोघांना जगविलें आणि शहाण्याच्या घरांत आणून सोडिलें. आमच्या मतें या चित्रपटाचें थोरपण या एका फरकांत आहे. विटांच्या भिंतीची किंमत लांडगा बाहेर राहिला यानें जितकी ठरते, तितकीच दोन मूर्ख आंत येऊं शकले यानेंहि ठरते. त्यांचा मूर्खपणा तरी कोठें जातो? शेवटीं शहाणा भाऊ गमतीनें पियानोवर टकटक करितो आणि हे दोघे पुन्हां पलंगाखालीं दडतात.

पण याच मापानें मोजूं गेल्यास एक गोष्ट सांगणें प्राप्त होतें. १९३३ च्या मूळ प्रतींत लांडगा विटांच्या दाराशीं येतो तो ज्यू फेरीवाल्याचें सोंग घेऊन. मोठें नाक, दाढी आणि यिद्दिश वळणाची बोली, असें तें सोंग होतें. १९४८ मध्यें तो भाग पुन्हां रेखाटून तेथें साधा ब्रशविक्या घालण्यांत आला. आमच्या एका तरुण भाच्याचें म्हणणें असें कीं, अशी थट्टा त्या काळच्या अमेरिकन रंगभूमीवर सर्रास चाले. जुन्या कृतीस आजचें माप लावूं नये. आम्ही आजचें माप लावीत नाहीं, चित्रपटाचेंच लावितों. काटक्यांच्या घरापाशीं लांडगा निराश्रित कोंकराच्या रूपानें येतो आणि विटांच्या घरापाशीं पोटासाठीं दारोदार हिंडणाऱ्या परक्याच्या. दोन्ही वेळां दार उघडा म्हणणारा गरजू हा आंतून लांडगाच निघतो. ज्या जानेवारींत जर्मनीची सत्ता हिटलरच्या हातीं गेली त्याच वर्षांतली ही थट्टा आहे. पुढें १९३९ मध्यें नऊशेंहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन निघालेल्या 'सेंट लुई' जहाजांतील मूठभरांनाच क्यूबानें उतरूं दिलें. बाकीच्यांस अमेरिकेनेंहि थारा दिला नाहीं, आणि जहाजास युरोपास परतावें लागलें. याचें पाप एका लहानशा विनोदी चित्रावर लादणें हास्यास्पद होईल. परंतु भावांसाठीं दार उघडणाऱ्या कथेला परक्याच्या वाट्याला नेमकें हेंच सोंग द्यावेंसें वाटलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

नातीला आम्हीं उत्तर दिलें कीं, ते दोघे त्याचे भाऊ होते, म्हणून त्यानें लगेच दार उघडलें. त्यावर ती म्हणाली, "मग काऊ चिऊचा कोण होता?" बँकेंतील गृहस्थांनीं तिला जवळ घेऊन विषय बदलला.

हा चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा. मात्र तो संपल्यावर तात्पर्य सांगण्याची घाई वडील माणसांनीं करूं नये. मुलें काय विचारतात तें आधीं ऐकावें, असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे.