‘द बिग सिक’ : अर्धाच केलेला प्रयोग

दोन धर्मांतल्या प्रेमाचा सिनेमा म्हटलं की शेवटी घरचे विरघळणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. पण ते नेमके कशाने विरघळतात? ‘द बिग सिक’ (२०१७) बघताना हा प्रश्न मनात ठेवा.

कुमैल नानजियानी आणि त्याची बायको एमिली गॉर्डन यांनी आपलीच गोष्ट लिहिलीय. शिकागोत स्टँडअप करणारा पाकिस्तानी मुलगा आणि त्याची गोरी मैत्रीण. नमाजाच्या वेळी हा तळघरात जाऊन टायमर लावतो आणि टाइमपास करतो. आई दर जेवणाला ‘सहज आलेली’ एखादी उपवर मुलगी हजर करते. त्या मुलींचे फोटो हा डब्यात टाकतो, पण एमिलीबद्दल घरी अवाक्षर काढत नाही. डबा तिला सापडतो आणि दोघांचं तुटतं. मग ती आजारी पडते, डॉक्टर तिला औषधांनी कोमात ठेवतात.

आजार निघतो ‘अ‍ॅडल्ट-ऑनसेट स्टिल्स डिसीज’. याची एकच खात्रीची टेस्ट नसते. इन्फेक्शन, कॅन्सर अशी एकेक शक्यता खोडत जावं लागतं. म्हणजे वाट बघणं आलं, आणि सिनेमाचा जीव या वाट बघण्यातच आहे.

गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये मांडलं होतं की, दोन गट बरोबरीच्या नात्याने, एकाच उद्दिष्टासाठी, मिळून काम करू लागले आणि त्याला वरून पाठिंबा असला, की पूर्वग्रह कमी होतात. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. या सगळ्या अटी पूर्ण झाल्या नाहीत तरी संपर्काचा साधारणपणे उपयोग होतो, असं त्यांना दिसलं. हॉस्पिटलात हेच घडतं. सुरुवातीला ‘तू थांबायची गरज नाही’ म्हणणारी एमिलीची आई (हॉली हंटर) पुढे कुमैलला शेरे मारणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर धावून जाते. हे पटतं, कारण मधले कंटाळवाणे तास आपणही त्यांच्यासोबत काढलेले असतात.

आता कुमैलच्या घरी या. तिथे अनुपम खेर आणि झेनोबिया श्रॉफ आईबाबा आहेत. एमिली या घराचा उंबरठा एकदाही ओलांडत नाही. आई शेवटी रागातच बिर्याणीचा डबा पाठवते, तिच्याकडून तेवढंच.

आईबाबा बदलत नाहीत, यावर माझा आक्षेप नाही. अल्पसंख्याक गटांवर संपर्काचा परिणाम तुलनेने कमी होतो, असंही संशोधन सांगतं. खटकतं ते हे की त्यांना ती संधीच मिळत नाही. गोऱ्या कुटुंबाला बदलायला अख्खा सिनेमा आणि पाकिस्तानी कुटुंबाला मात्र हट्टीपणाचे विनोद! फोटोतल्या मुलींपैकी एक, खदिजा, कुमैलला जाब विचारते, तेव्हा क्षणभर दुसरा सिनेमा डोकावतो. तोही लगेच संपतो.

तरी बघाच. हसवतो छान. फक्त ‘प्रेमाने सगळं जिंकलं’ असं म्हणायच्या आधी मोजा, कोण कोणासोबत किती वेळ एका खोलीत बसलं होतं.