मद्यालयांची प्रदक्षिणा

देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी जुन्या हॉटेलांना प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आपल्या मोठ्या शहरांत अलीकडे रूढ झाली आहे. दहा-पंधरा जिज्ञासू श्रोते आणि पुढे एक बोलका मार्गदर्शक. अमक्या टेबलाशी तमका पुढारी बसत असे, येथे अमका करार ठरला, तेथे तमके मंत्रिमंडळ कोसळले, अशी कथा ऐकत ही मंडळी एका मद्यालयातून दुसऱ्यात जातात. मध्यंतरी न्यायालयीन कामासाठी मंचेरियलहून मुंबईस गेलो असता एका स्नेह्याच्या आग्रहाने अशाच एका फेरीत सामील झालो. तिचे परीक्षण करावे असे वाटले, कारण अशी फेरी हाही वाङ्मयाचाच एक प्रकार आहे. ती पायांनी वाचावयाची असते, इतकेच.

प्रथम गुणांविषयी. पुस्तकातला इतिहास अधांतरी असतो. फेरीतला इतिहास जमिनीवर उभा असतो. काळ्या घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत पाहिली म्हणजे याची प्रचीती येते. विलायतेत ओतलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभे राहिलेले हे हॉटेल १८७१ साली सुरू झाले आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईने येथेच पाहिली. पुढे ते बंद पडून ही वास्तू एस्प्लनेड मॅन्शन झाली आणि तिच्या खोल्यांत आमच्या व्यवसायबंधूंची कार्यालये थाटली गेली. जेथे गोरे साहेब पेले भरीत, तेथे काळे डगले घातलेले वकील कैफियती लिहीत बसले! काळाचा हा विनोद ग्रंथालयात बसून इतका नीट कळला नसता.

परंतु येथेच पहिला आक्षेपही उभा राहतो. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेदजी टाटांनी चिडून ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा आमच्या मार्गदर्शकाने डोळ्यांनी पाहिल्याच्या थाटात सांगितली. इतिहासाचे अभ्यासक या कथेकडे संशयाने पाहतात, हे सांगावे असे त्याला वाटले नाही. १८७२ चा पुरावा कायदा २०२४ साली इतिहासजमा झाला आणि नवा साक्ष्य अधिनियम आला. तरी ऐकीव गोष्टीला साक्ष मानू नये हे तत्त्व काही बदलले नाही. असले दोष आपल्याकडेच आहेत असेही नव्हे. वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात राष्ट्राध्यक्ष ग्रँट मद्य घेत बसत, दालनात त्यांना गाठणाऱ्या अर्जदारांना त्यांनीच ‘लॉबीइस्ट’ हे नाव दिले, असे तेथे हौसेने सांगतात. प्रत्यक्षात तो शब्द ग्रँट १८६९ साली अध्यक्ष होण्यापूर्वीच छापला गेलेला होता. दंतकथा सांगू नये असे माझे म्हणणे नाही. ती दंतकथा म्हणून सांगावी, एवढेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. त्यातील हार्बर बार १९३३ साली सुरू झाला. पहिल्या महायुद्धात या हॉटेलाचे इस्पितळ झाले होते. सरोजिनी नायडूंचा मुंबईतील मुक्काम बहुधा येथेच असे. हे सर्व आमच्या फेरीत सांगितले गेले आणि चांगले सांगितले गेले. परंतु १९३० साल मात्र कोणी उच्चारले नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दारूच्या दुकानांवर निरोधन करण्याचे काम विशेषेकरून स्त्रियांकडे सोपविले आणि मुंबईच्या मध्यमवर्गीय गृहिणी दुकानांसमोरच्या पदपथावर उन्हात उभ्या राहिल्या. त्यापूर्वी १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हीच चळवळ झाली होती. म्हणजे मद्यालयाच्या दाराच्या आत राजकारण होते, तसेच बाहेरही होते. आतल्या राजकारणाला खुर्ची होती, थंडावा होता आणि आता मार्गदर्शकही आहे. बाहेरच्या राजकारणाला पदपथाखेरीज काहीच नव्हते. फेरी त्याच पदपथावरून चालली, आणि त्याच्याविषयी चकार शब्द निघाला नाही!

पुढे १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी जारी केली. १९४९ साली सर्वंकष कायदा झाला. त्याला बलसारा नामक नागरिकाने आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली निर्णय दिला. कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरला. सैनिकांच्या भोजनगृहांना आणि परदेशी पाहुण्यांना दिलेल्या सवलतीही टिकल्या. औषधी व प्रसाधनद्रव्यांवरील बंधने मात्र गेली, आणि मद्याची नुसती शिफारस करण्यासही मनाई करणारा भाग भाषणस्वातंत्र्याला बाधक म्हणून रद्द झाला. आमचा मार्गदर्शक मद्यालयांची एवढी तोंडभर स्तुती निर्धास्तपणे करीत होता, त्यामागे कोणाचे तरी न्यायालयीन श्रम आहेत, हे त्याला ठाऊक असते तर त्याच्या कथेला केवढी खोली आली असती! महाराष्ट्रातील मद्यविषयक कायद्याचे नाव आजही दारूबंदी कायदाच आहे, आणि ‘परमिट रूम’ हा शब्द त्या इतिहासाची खूण म्हणून पाट्यांवर शिल्लक आहे. ती पाटी वाचावयास शिकविणे, हे खरे मार्गदर्शन. गोव्याच्या वाचकांना हा सारा खटाटोप परका वाटेल. तेथल्या तावेर्नाला चोरटेपणाचा हा डाग कधी लागलाच नाही.

मी राहतो त्या मंचेरियलला ऐतिहासिक मद्यालये नाहीत; शिंदीची झाडे आहेत, कोळशाच्या खाणी आहेत आणि पगाराच्या दिवशी होणारी घरोघरची तंडणे आहेत. हा मुलूख आंध्र प्रदेशात होता तेव्हा नेल्लूरकडील दुबगुंट्याच्या बायकांनी सुरू केलेली चळवळ राज्यभर पसरली. १९९३ साली सारा म्हणजे गावठी दारू बंद झाली, १९९५ च्या जानेवारीत संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ साली ती उठलीही. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली गेली. नदी ओलांडली की कायदा बदलतो. झोपडीतल्या बाईचे दुःख मात्र बदलत नाही. दारूबंदीने ते दुःख निवारले असे मी म्हणत नाही. चोरट्या व्यापाराचे खटले पाहिलेल्या वकिलाला तसे म्हणता येणार नाही. परंतु ज्या प्रश्नावर सरकारे आली आणि गेली, तो प्रश्न केवळ पुढाऱ्यांच्या पेल्यापुरता उरावा, हे इतिहासाला शोभत नाही.

म्हणून या फेऱ्या बंद व्हाव्यात असे मला वाटत नाही; त्या वाढाव्यात. फक्त वाटेत आणखी एक मुक्काम असावा. त्याला ना छत, ना झुंबर. मार्गदर्शकाने हॉटेलाच्या दाराशी क्षणभर थांबावे, श्रोत्यांची तोंडे रस्त्याकडे वळवावीत आणि सांगावे: ‘अशाच एका दारासमोर त्या उभ्या होत्या.’ मग सर्वांनी खुशाल आत जावे.