जनरल पर्शिंगचा युद्धकालीन पत्रव्यवहार

जनरल जॉन पर्शिंग १३ जून १९१७ रोजी पॅरिसला पोहोचला, तेव्हा लढण्याजोगे सैन्य त्याच्यापाशी नव्हते. युद्धमंत्री न्यूटन बेकर याच्या सहीचे २६ मेचे आज्ञापत्र तेवढे होते. दोस्तांशी सहकार्य करावे, परंतु अमेरिकन फौज हा त्यांतील एक वेगळा घटक आहे हे तत्त्व सोडू नये, असा त्यातील आदेश. पुढील सतरा महिन्यांत सुमारे वीस लाख अमेरिकन सैनिक फ्रान्सच्या भूमीवर उतरले. ही हकीकत पर्शिंगने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात सांगितली आहे, आणि त्या ग्रंथाला पुलित्झर पारितोषिकही लाभले. तथापि बखरीपेक्षा अस्सल कागद अधिक विश्वसनीय, हा राजवाड्यांनी मराठी इतिहाससंशोधनाला घालून दिलेला दंडक येथेही उपयोगी पडतो. आत्मकथन लिहिणारा पर्शिंग विजयी सेनापती आहे. तारा लिहिणाऱ्या पर्शिंगला शेवट ठाऊक नाही.

वाङ्मय म्हणून हा पत्रव्यवहार रुक्षच म्हटला पाहिजे. माणसे, घोडे, इमारती लाकूड, रेल्वेची इंजिने, जहाजांतील जागा यांच्या मागण्यांनी तो भरलेला आहे. पण ह्या रुक्षपणाला कंटाळणारा वाचक मर्माला मुकेल. जुलै १९१७ मध्ये पर्शिंगने पुढील मे महिन्यापर्यंत किमान दहा लाख माणसे पाठवावीत, असे वॉशिंग्टनला कळविले. आधुनिक युद्धात पूर्ण, समतोल आणि स्वतंत्र असे सैन्य व्हावयास एवढी संख्या किमान हवी, हे त्याच महिन्यातील योजनेत त्याने नमूद केले. ‘स्वतंत्र’ हे राजकीय विशेषण येथे हिशेबाच्या वाक्यात सहज बसविलेले आहे. आकडा मान्य करणाऱ्याने विशेषणही मान्य केले! सेनाप्रमुख पेटन मार्च याच्याशी बढत्यांवरून झालेली खडाजंगी चुरचुरीत आहे खरी, परंतु तिला चरित्रकारांनी दिलेले महत्त्व अवाजवी वाटते.

खरी कसोटी १९१८ च्या वसंतात लागली. २१ मार्चला जर्मनांची मोठी चढाई सुरू झाली, आणि फक्त पायदळ व मशिनगन-पथके पाठवून ती आमच्या तुकड्यांत मिसळू द्या, असा ब्रिटिश व फ्रेंच यांचा तगादा वाढला. २८ मार्चला पर्शिंगने फॉशपुढे आपले सारे सैन्य देऊ केले. ते उद्गार प्रसिद्ध आहेत. कागदोपत्री मात्र तो प्रत्येक सवलतीला ‘तात्पुरती’ हे कुंपण घालतो. मे महिन्याच्या आरंभी अॅबव्हिल येथे दोस्तांचे प्रमुख त्याच्यावर तुटून पडले, तेव्हाही त्याने कुमकेचे प्रमाण वाढवून दिले, तत्त्व दिले नाही. नकाराला मुदतीच्या होकाराचे रूप देण्याची ही हातोटी त्याच्या पत्रांचा सर्वांत मोठा गुण होय.

ह्याच गुणाच्या उजेडात एक अपवाद ठळकपणे दिसतो. ३६९ ते ३७२ ह्या क्रमांकांच्या चार कृष्णवर्णीय रेजिमेंटी १९१८ च्या आरंभीच फ्रेंचांच्या हवाली करण्यात आल्या. त्या फ्रेंच डिव्हिजनांत विभागल्या गेल्या, फ्रेंच बंदुका घेऊन लढल्या. पुढे ब्रिटिशांनी ९२ वी कृष्णवर्णीय डिव्हिजन शिक्षणासाठी घेण्यास नकार दिला, तेव्हा मे १९१८ मध्ये पर्शिंगने हेगला लिहिले की हे सैनिक अमेरिकन नागरिक आहेत आणि आपण त्यांच्या बाबतीत भेदभाव करू शकत नाही. पत्र निःसंशय बाणेदार आहे. पण ज्या सेनापतीने एकेका बटालियनसाठी पंतप्रधानांशी वाद घातला, त्याने ह्या चार रेजिमेंटींसाठी तसा हट्ट धरलेला दिसत नाही. त्यांची एकत्र डिव्हिजन करण्याची संधी मिळाली नाही, एवढीच खंत आत्मकथनात आहे. जणू संधी ही कोणी निर्माण करावयाची वस्तूच नव्हे. २७ वी आणि ३० वी ह्या डिव्हिजनाही अखेरपर्यंत ब्रिटिशांकडे राहिल्या, हे खरे; परंतु त्या अखंड राहिल्या, आपल्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढल्या. १० ऑगस्ट १९१८ रोजी पहिली अमेरिकन सेना स्थापन झाली. त्या दिवशी त्या चार रेजिमेंटी फ्रेंच सेनापतींच्या हुकमतीखाली होत्या, आणि युद्धविरामापर्यंत तेथेच राहिल्या.